भाकरीचा प्रश्न आणि हुकूमशहाचे उत्तर

दौंड तालुक्यातील कुरकुंभहून एका तरुण वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. फिरंगाईच्या देवळासाठी एके काळी ओळखले जाणारे हे गाव आता तेथील औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. पत्रलेखक आय.टी.आय. झालेला असून एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. कंत्राट संपले की घरी बसायचे, मुकादमाची मर्जी असली तर पुन्हा बोलावणे यायचे, असा त्याचा क्रम आहे. घरची शेती तीन भावांत वाटली गेल्यामुळे तिच्यावर एकाचेही पोट भरत नाही. सोलापूरचा महामार्ग आणि दौंडचा रस्ता जेथे मिळतात त्या चौकातील चहाच्या टपरीवर रोज जी चर्चा चालते, ती त्याने प्रामाणिकपणे कळविली आहे. "निवडणुका दहा वर्षे बंद करा आणि एखादा खमक्या माणूस बसवा, म्हणजे सगळे सरळ होईल," असे तेथे बहुतेकांचे मत पडते. आणि त्यापुढे जाऊन, "एकदाचे युद्ध होऊन जाऊ द्या, निदान फौजेत भरती तरी होईल," असेही कोणी म्हणते. यावर काय उत्तर द्यावे, असे या मित्राने आम्हांला विचारले आहे.

या मताची टिंगल करून सुटका करून घेणे सोपे आहे. शहरातील सुखवस्तू माणूस तेच करतो. परंतु ज्याच्या घरात महिन्याच्या वीस तारखेलाच पिठाचा डबा खडखडतो, त्याने लोकशाहीच्या नावाने बोटे मोडली तर तो त्याचा गुन्हा नव्हे. तो आपल्या लोकशाहीवरचा आरोप आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार गांभीर्यानेच केला पाहिजे. आर्थिक हलाखीतून हुकूमशहा जन्माला येतो, हे खरे काय? आणि हुकूमशहा ती हलाखी खरोखर दूर करतो काय, की तिची किंमत वेगळ्या चलनात वसूल करतो?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुरकुंभच्या मातीला जागतिक अर्थकारणाचे चटके आजच बसत आहेत असे नाही. दौंड तालुक्याचा मुलूख पूर्वी भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. या भीमथडीतील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पाहता पाहता तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून नोंदला गेला. त्याच्या मुळाशी काय होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढविला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढलेलाच राहिला आणि कर्जाचे व्याज थांबले नाही. अटलांटिक समुद्रापलीकडील एका युद्धाने भीमथडीच्या शेतकऱ्याला आधी चढविले आणि मग आपटले.

त्या संतप्त शेतकऱ्यांनी केले काय? सावकारांच्या घरांत शिरून त्यांनी कर्जखते आणि हुकूमनामे बाहेर ओढले व त्यांची होळी केली. माणसाच्या जिवावर उठण्याचे प्रकार विरळाच घडले. आपल्याला कशाने बांधले आहे, हे त्या निरक्षर माणसांना नेमके ठाऊक होते, आणि त्यांनी हात घातला तो त्या बंधनालाच. या उठावाची चौकशी सरकारला करावी लागली व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पीडितांचा संताप कागदावर जाईल की शेजाऱ्यावर, व्यवस्थेवर जाईल की एखाद्या जमातीवर, यावर देशाचे पुढचे भवितव्य अवलंबून असते. हुकूमशहाची सारी कला या संतापाचा पत्ता बदलण्यात आहे.

ही कला विसाव्या शतकात जर्मनीत पूर्णत्वाला गेली. पुष्कळांची अशी समजूत आहे की, १९२३ सालच्या भयंकर चलनवाढीने हिटलरला सत्तेवर आणले. घटनाक्रम तसे सांगत नाही. १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे चलनवाढ सरून पाच वर्षे झाल्यावर, नाझी पक्षाला तीन टक्केसुद्धा मते मिळाली नव्हती. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकी भांडवल जर्मनीतून परत गेले, कारखाने बंद पडले आणि १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. अशा वेळी ब्रूनिंग यांच्या सरकारने काय करावे? संसदेला बाजूला सारून अध्यक्षीय वटहुकमांच्या आधारे त्यांनी पगार कापले, बेकारभत्ता कापला, सरकारी खर्च कापला. तिजोरीचा ताळेबंद सांभाळण्याच्या नादात माणसांचा ताळेबंद बिघडला. नाझींची मते १९३० मध्ये अठरा टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये सदतीस टक्क्यांवर गेली. म्हणजे दारिद्र्याइतकाच, दारिद्र्याकडे पाठ फिरविणारा राज्यकारभार हुकूमशहाची वाट मोकळी करतो. आणि वटहुकमांनी राज्य चालविण्याची सवय लोकशाहीवाद्यांनीच आधी लावलेली असते.

येथे एक कटू आकडा समाजवाद्यांनी कधीही विसरता कामा नये. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मते घटून तेहतीस टक्क्यांवर आली होती. त्याच निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट या दोन श्रमिक पक्षांच्या मतांची बेरीज सदतीस टक्क्यांहून अधिक होती. परंतु कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणून हिणवीत होते आणि सोशल डेमोक्रॅटांना कम्युनिस्टांचा भरवसा वाटत नव्हता. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २० फेब्रुवारीला बड्या उद्योगपतींनी त्याच्या भेटीला जाऊन निवडणूक निधीची तरतूद केली. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. पुढे दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते छळछावण्यांतून एकमेकांना भेटले. डॉ. राममनोहर लोहिया त्या काळात बर्लिन विद्यापीठात शिकत होते. एका सुसंस्कृत, सुशिक्षित राष्ट्राचे हे अधःपतन पाहूनच ते १९३३ मध्ये मायदेशी परतले.

आता टपरीवरील आपल्या मित्राचा मुख्य मुद्दा घेऊ. हिटलरने बेकारी हटविली की नाही? हटविली. १९३८ पर्यंत जर्मनीत बेकार जवळजवळ उरला नव्हता. पण ती कशी हटली, हे पाहिले पाहिजे. नावापुरती एक कंपनी उभारून तिच्या हुंड्यांवर अब्जावधी मार्क उभे करण्यात आले आणि तो पैसा तोफा, विमाने व रणगाडे यांत ओतण्यात आला. सक्तीची लष्करभरती सुरू झाली. संप हा गुन्हा ठरला आणि मजुरीचे दर मंदीच्या काळातील पातळीलाच जखडून ठेवण्यात आले. कामगाराला काम मिळाले. कामाच्या अटींविषयी बोलण्याचे तोंड मात्र त्याने गमावले.

आणि तोफेचे अर्थशास्त्र भाकरीच्या अर्थशास्त्रापेक्षा निराळे असते. नांगर बनविला तर पुढल्या वर्षी धान्य पिकते, यंत्रमाग बनविला तर कापड निघते. तोफ मात्र गोदामात नुसती गंजते. तिच्यातून परतफेड हवी असेल तर ती शेजाऱ्यावरच डागावी लागते. जर्मनीचे परकीय चलन आटले, हुंड्या फेडण्याची वेळ आली. जानेवारी १९३९ मध्ये या व्यवहाराचे शिल्पकार शाख्त व त्यांच्या मध्यवर्ती बँकेतील सहकाऱ्यांनी, हा खर्च असाच चालू राहिला तर चलन कोसळेल असा लेखी इशारा दिला. हिटलरने शाख्त यांनाच घरी बसविले. तोपर्यंत ऑस्ट्रिया गिळून तेथील मध्यवर्ती बँकेचे सोने बर्लिनला पोहोचले होते; मार्चमध्ये झेकोस्लोव्हाकियाची पाळी आली. शेजाऱ्याची तिजोरी फोडून घरखर्च चालविणाऱ्याला एका घरावर थांबता येत नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

जपानची कथा याहून निराळी नाही. तेथील शेतकऱ्याच्या पोटाला आधार रेशमाच्या किड्याचा होता आणि त्या रेशमाचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. अमेरिकेत मंदी येताच रेशमाचे भाव कोसळले, ईशान्येकडील प्रांतांत पिके बुडाली, खेड्यांतील बापांवर पोटच्या मुली विकण्याची पाळी आली. या मुलींचे भाऊ सैन्यात शिपाई होते. तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्या दुःखाचे भांडवल केले आणि उपाय म्हणून मांचुरियाकडे बोट दाखविले. सप्टेंबर १९३१ मध्ये मांचुरियावर आक्रमण झाले. मे १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाई यांचा खून पडला. अर्थमंत्री ताकाहाशी यांनी सरकारी खर्च वाढवून मंदीतून देशाला वर काढले, त्यात लष्करावरचा खर्चही होता. पण देशाची प्रकृती सुधारल्यावर त्यांनी लष्कराच्या खर्चाला लगाम घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर सैनिकांनी त्यांना बिछान्यातच ठार केले. वाघाला रक्ताची चटक लावून नंतर त्याला गवत खाण्याचा उपदेश करता येत नाही.

लोकशाही म्हणविणारी राष्ट्रेही या पापातून मुक्त नाहीत. अमेरिकेने १९३० मध्ये जकातीच्या भिंती उंच केल्या. ब्रिटनने १९३२ मध्ये ओटावा येथे आपल्या साम्राज्याची बाजारपेठ स्वतःपुरती कुंपणात घेतली. ज्यांच्याकडे वसाहती होत्या त्यांनी दारे लावून घेतली आणि ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी दारे फोडायचे ठरविले. १९३५ मध्ये मुसोलिनीने ॲबिसिनियावर हल्ला केला, तेव्हा राष्ट्रसंघाने निर्बंध लादले खरे. पण ज्या तेलावर त्याचे रणगाडे चालत होते तेवढे वगळून! आपल्याकडेही त्या काळी या राजवटींचे चाहते होते. नागपूरचे डॉ. मुंजे १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले आणि मुलांना लष्करी शिक्षण देण्याच्या त्याच्या पद्धतीने भारावून परतले. उलट १९३६ मध्ये रोममधून जात असताना पंडित नेहरूंनी मुसोलिनीची भेट घेण्याचे निमंत्रण नाकारले. परदेशी हुकूमशहाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावरून आपण आपल्या देशाचे काय करू इच्छितो हे कळते.

"पण हे सारे युरोपात घडले, आपल्याला त्याचे काय?" असे टपरीवर कोणी विचारील. त्याने कोकणातील माणगावच्या परिसरात जाऊन विचारावे. तेथील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे मृत वा जखमी झाल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु प्रश्न असा पडतो की, कोकणातील शेतकऱ्याच्या पोराचे टायबरच्या काठी काय काम होते? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. एका बाजूला युरोपातील हुकूमशहा आणि दुसऱ्या बाजूला आपल्यावरची परकी हुकूमत, या दोहोंच्या जात्यात आपली माणसे भरडली गेली. पंचवीस लाखांची फौज उभी राहिली आणि तीत भरती होणाऱ्यांना पुष्कळदा गरिबीनेच भरती केले होते. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला महागाई, शिधावाटप आणि काळाबाजार आला. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. युद्धाने भरती होते, हे खरेच. पण ती स्मशानाचीही होते.

हा केवळ त्याच काळाचा इतिहास आहे, असेही समजू नये. अर्जेंटिनात लष्करशहांच्या राजवटीत महागाई शंभर टक्क्यांवर गेली. ३० मार्च १९८२ रोजी ब्यूनोस आयरीसमध्ये कामगार संघटनांनी प्रचंड निदर्शने केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, जनरल गाल्तिएरींच्या फौजा फॉकलंड बेटांवर उतरल्या, आणि ज्या चौकात कालपर्यंत भाकरीच्या घोषणा होत्या तेथे जयजयकार घुमू लागला. अडीच महिन्यांत पराभव झाला. शेकडो कोवळी पोरे थंडीत आणि समुद्रात गेली. इराणबरोबरच्या आठ वर्षांच्या युद्धात कर्जबाजारी झालेल्या सद्दाम हुसेनने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळले आणि तेथे पोटासाठी गेलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना सारे सोडून विमानांनी मुंबई गाठावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि जगाच्या बाजारात तेल, खाद्यतेल व खते यांचे भाव भडकले. परदेशी पोटॅशवाचून ज्याचा ऊस वाढत नाही, त्या दौंडच्या शेतकऱ्याला युक्रेन किती दूर आहे हे नकाशात पाहावे लागत नाही.

मग हलाखी आली की हुकूमशहा आणि हुकूमशहा आला की युद्ध, हा विधिलिखित क्रम मानायचा काय? मुळीच नाही. त्याच महामंदीत स्वीडनच्या समाजवाद्यांनी १९३३ मध्ये शेतकरी पक्षाशी करार केला; शेतमालाला भाव आणि कामगाराला काम, ही देवाणघेवाण करून त्यांनी आपली लोकशाही वाचविली. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी बेकारांच्या हाती फावडे दिले. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? १९७२ च्या भीषण दुष्काळात याच महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी हातात घेऊन स्त्रिया महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्या संकटातून येथे हुकूमशहा निपजला नाही, वि. स. पागे यांनी मांडलेली आणि श्रमिकांच्या चळवळींनी रेटलेली रोजगार हमी योजना निपजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि काम मागण्याचा हक्क या राज्यात प्रथम कागदावर उतरला. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी असा कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. हलाखीचे लोकशाही उत्तर असते ते असे.

'खमक्या माणसा'ची चव आपण घेतलेली नाही, असेही नव्हे. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप चिरडला गेला आणि २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात, असे कौतुक तेव्हा पुष्कळांनी केले. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात त्या गाड्या चालविणाऱ्यांना काय वाटत होते, हे विचारण्याची मात्र सोय नव्हती. किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला गेला आणि त्याविरुद्ध संप करणे अशक्य झाले. एकवीस महिन्यांनी मतपेटीने देशाला सोडविले. मतपेटी दहा वर्षे बंद ठेवा म्हणणाऱ्याने याचा विचार करावा की, ती पुन्हा उघडण्याची किल्ली कोणाच्या खिशात राहील?

मात्र आम्हीही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि अखेर त्यांचे संसार उद्ध्वस्त झाले. गिरणगावात वाढलेल्या त्यांच्या बेकार मुलांना आपल्या दुर्दशेचे कारण कोणीतरी सांगायला हवे होते. आपण त्या चाळींत किती वेळा गेलो? जे गेले, त्यांनी त्यांना शेजारचा माणूस शत्रू म्हणून दाखविला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईने त्याचे फळ पाहिले. समाजवादी जेथे पोहोचत नाहीत, ती जागा रिकामी राहात नसते. फाटाफुटींचा शाप आपल्या चळवळीलाही लागलेला आहे आणि १९३२ च्या जर्मनीतील बेरीज आपण वाचली ती दुसऱ्याची चूक म्हणून. स्वतःला तो धडा लावून घेण्यास अजून तयार नाही.

म्हणून कुरकुंभच्या आमच्या मित्राला आम्ही असे कळवू इच्छितो. युद्ध टाळण्याचे काम केवळ राजधान्यांत आणि राष्ट्रसंघाच्या सभागृहांत चालत नाही. ते तुमच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशीही चालते. कायम स्वरूपाच्या कामावर वर्षानुवर्षे कंत्राटी माणूस राबविला जाऊ नये, समान कामाला समान वेतन मिळावे, ज्यांच्या जमिनीवर कारखाने उभे राहिले त्यांच्या मुलांना तेथे सन्मानाचे काम असावे, ज्यांच्या विहिरींशेजारून सांडपाणी वाहते त्यांना प्यायला स्वच्छ पाणी असावे, उसाला आणि कांद्याला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव असावा. या मागण्या दिसायला लहान आहेत. परंतु यांतली एकेक मान्य होते, तेव्हा हुकूमशहाच्या पायाखालचा एकेक दगड निखळतो. कामगार आणि शेतकरी, गावातला आणि बाहेरून पोटासाठी आलेला बिहारी वा मराठवाड्यातील मजूर हे एका संघटनेत बसू लागले, म्हणजे संतापाचा पत्ता बदलणे कोणालाही सोपे जाणार नाही.

सुप्याच्या शेतकऱ्यांजवळ १८७५ मध्ये मत नव्हते, संघटना नव्हती, वर्तमानपत्र नव्हते. तरी आपला शत्रू कोण, याविषयी त्यांची चूक झाली नाही. तुमच्याजवळ यांतले सारे आहे. ते दहा वर्षांसाठी कोणाकडे गहाण टाकू नका. गहाण टाकलेली वस्तू सोडवून आणायला काय पडते, हे भीमथडीच्या माणसाला आम्ही सांगण्याची गरज नाही. टपरीवरच्या चर्चेत उद्या हे बोलून पाहा. आणि कोणाला पटले नाही, तर पुन्हा पत्र लिहा. आम्ही कुरकुंभला येऊ.